बारीक माणसाला व्यायाम कशाला?

मार्च २०२५ मध्ये माऊंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारताच्या बाजारात आली. तेव्हापासून एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: सुई टोचून वजन उतरत असेल, तर पहाटे उठून घाम कशाला गाळायचा? या प्रश्नाचा थोरला भाऊ आपल्याकडे आधीपासून आहेच. "तुला कशाला हवाय व्यायाम, आधीच काडीपैलवान!" असं म्हणत बारीक माणसाला जिमच्या दारातून परत पाठवणारे काका-मावशी प्रत्येक घरात असतात.

दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. व्यायाम हा वजन उतरवायचा उपाय, त्यामुळे वजन नसेल किंवा दुसऱ्या मार्गानं उतरत असेल तर त्याची गरज संपली. पण वजन उतरवणं ही व्यायामाची सगळ्यात लंगडी बाजू आहे. अर्धा तास झपझप चालून साधारण शंभर-दीडशे कॅलरी खर्च होतात आणि परतीच्या वाटेवर खाल्लेला एक वडापाव त्या जवळजवळ दुपटीनं भरून काढतो. महिनाभर नेमानं चालूनही काटा हलला नाही म्हणून बूट माळ्यावर टाकणारे लोक व्यायामाला अशा विषयात नापास करतात, जो त्याचा नव्हताच.

त्याचं खरं काम स्नायूंत चालतं. आणि ते समजून घेण्याची गरज बारीक दिसणाऱ्या भारतीयांना जरा जास्तच आहे.

बीएमआय एक, शरीरं दोन

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की येतो तो बीएमआय. विम्याच्या फॉर्मपासून डॉक्टरांच्या फायलीपर्यंत सगळीकडे हाच आकडा विचारतात. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा मजकूर आणि सोबत दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या हिशेबानं दोघंही ठीकठाक. मग क्ष-किरणांच्या साहाय्यानं शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

मजकुरात लेखकांनी स्वतःची थट्टाही करून घेतली आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठण्यासाठी केलेली धावपळ! मात्र सगळा दोष त्यांनी लिफ्टवर ढकललेला नाही. याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं, ही गोष्टही तिथेच नोंदवलेली आहे आणि ती महत्त्वाची आहे.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी ३.५ किलोची. एवढा फरक असेल तर सगळंच त्या प्रमाणात कमी असेल असं वाटतं. तसं नव्हतं. पुण्याच्या बाळांमध्ये स्नायू फार कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं बरीचशी टिकून होती. म्हणजे अनेक भारतीयांच्या बाबतीत 'बारीक पण चरबीदार' हा साचा जन्माच्या वेळीच तयार झालेला असतो. पुढे खाणं सुधारतं, बैठं काम वाढतं, पोट सुटतं. हातपाय तेवढेच राहतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण ज्याला 'बॉर्डरलाइन शुगर' म्हणतो ते हेच. त्यांतले सगळे काही ढेरपोटे नाहीत. म्हणूनच बीएमआय २३ च्या पुढे गेला की आशियाई माणसानं सावध व्हावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय लोकांसाठी हीच रेषा २५ वर आहे. त्याहून सोपी खूण म्हणजे पोटाचा घेर. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटीमीटर या मर्यादा धरतात. शिंप्याची टेप त्यासाठी पुरते.

चमचाभर साखर

स्नायू कमी असले तर बिघडलं काय? पैलवानकी थोडीच करायची आहे? इथे एक छोटा हिशेब करावा लागेल.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर शंभर मिलिलिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत साखर असते. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून फार तर पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. आता ताटातला भात घ्या. शिजलेल्या दोनशे ग्रॅम भातातून पचनानंतर पन्नास-साठ ग्रॅम ग्लुकोज मिळतं. जिथे एका चमच्याची सोय आहे तिथे तासा-दोन तासांत दहा-बारा चमचे येऊन पडतात. पोळ्या आणि गोड अजून मोजलेलं नाही.

बाजार समितीत हंगामात माल येतो तेव्हा काय होतं ते आठवा. ट्रक रस्त्यावर उभे राहून चालत नाहीत, माल गोदामात जावा लागतो. शरीरात रस्ता म्हणजे रक्त आणि सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. त्यांत तीनशे ते पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेन या साठ्याच्या रूपात मावते; यकृतात मावते साधारण शंभर ग्रॅम. गोदामाचं पुढचं शटर उघडायचं काम इन्सुलिनकडे आहे. जेवण झालं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, त्याच्या सांगण्यावरून शटर वर जातं आणि माल आत जातो. प्रयोगशाळेत रक्तात मुद्दाम इन्सुलिन आणि ग्लुकोज सोडून हे मोजलं गेलं, तेव्हा इन्सुलिनच्या हुकमावरून उचलल्या गेलेल्या साखरेपैकी सुमारे ८० टक्के एकट्या स्नायूंनी उचललेली दिसली.

या गोदामाचे दोन नियम आहेत आणि सगळी गोम तिथेच आहे. पहिला, इथे आत गेलेला माल परत रस्त्यावर येत नाही. यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्ताला परत देऊ शकतं. स्नायूंकडे त्यासाठी लागणारं एक रसायनच नाही, त्यामुळे त्यांच्यातली साखर तिथल्या तिथे जाळूनच संपवावी लागते. दुसरा, प्रत्येक गोदामाचा कारभार स्वतंत्र. हात कितीही हलवले तरी मांडीतला साठा रिकामा होत नाही. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्या आणि नितंब इथे आहेत, आणि बैठ्या नोकरीत दिवसभर नेमके तेच निजलेले असतात.

बिनहुकमी दार

गोदाम भरलेलंच राहिलं की शटर नीट उघडेनासं होतं. इन्सुलिन आहे, हुकूमही सुटतो आहे, पण माल आत जात नाही. या अवस्थेला इन्सुलिन-रोध म्हणतात. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडतं. काही वर्षं तेवढ्यावर निभतं. रिपोर्टमध्ये साखर 'नॉर्मल' दिसते, कारण ती नॉर्मल ठेवण्यासाठी आत किती जास्तीचं इन्सुलिन खर्ची पडतंय ते नेहमीच्या तपासणीत मोजलंच जात नाही. एक दिवस स्वादुपिंड थकतं आणि आकडा वर जातो. घरचे म्हणतात, "अचानक शुगर निघाली."

दरम्यान रस्त्यावर अडकलेला माल जातो कुठे? त्यातला बराच यकृताकडे वळतो आणि यकृत त्याची चरबी करतं. ती काही रक्तात ट्रायग्लिसराइड म्हणून फिरते, काही यकृतातच साचते. दारूचा थेंबही न घेणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' येतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सडपातळ तरुणांवर झालेल्या प्रयोगांत हा उलटा प्रवाह स्पष्ट दिसला. वजन व्यवस्थित, वय कमी, पण स्नायू साखर घेत नव्हते आणि त्यामुळे यकृत चरबी बनवत होतं.

आता व्यायामाची करामत. स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेण्यासाठी त्याला इन्सुलिनचा हुकूम लागत नाही. पुढचं शटर अडकलेलं असो, मागचं दार आपोआप उघडतं. पेशीच्या आत ग्लुट-४ नावाची साखर वाहणारी प्रथिनं असतात. ती इन्सुलिनच्या सांगण्यावरून पृष्ठभागावर येतात, तशीच आकुंचनाच्या धक्क्यानंही येतात, आणि हे दोन मार्ग वेगवेगळे आहेत. मधुमेह झालेल्या माणसातही दुसरा मार्ग बऱ्यापैकी शाबूत असतो. शिवाय साठा रिकामा झाला की पुढचं शटरही पुन्हा हलकं होतं आणि हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. म्हणूनच लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये असं मधुमेहतज्ज्ञ सांगतात. रविवारी एकदाच सिंहगड चढून आठवड्याची भरपाई का होत नाही, याचं उत्तरही यातच आहे.

काटा मात्र या सगळ्याची नोंद घेत नाही. शटर सुधारलं, यकृतातली चरबी घटली, तरी वजन तेवढंच दाखवेल.

बाकीचे फायदे, थोडक्यात

हृदय हाही स्नायूच. नियमित व्यायामानं ते एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून विश्रांतीच्या वेळी कमी ठोक्यांत भागवतं. रक्ताचा वेग वाढला की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यानं वाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. (या वायूचं शरीरातलं काम शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं होतं.) हाडांवर भार पडला की ती तो पेलण्याजोगी होतात. झोप सुधारते, सौम्य ते मध्यम नैराश्यात फरक पडतो, आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. २०२५ मध्ये तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्यावर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ८०.३ टक्के लोक पाच वर्षांनी रोगमुक्त होते; ज्यांना फक्त माहितीपत्रक दिलं होतं त्यांच्यात हे प्रमाण ७३.९ टक्के होतं. एखाद्या नव्या औषधानं एवढा फरक पाडला असता तर पहिल्या पानावर बातमी झाली असती.

"पण व्यायाम करणारे मुळातच धडधाकट असतात ना?"

रास्त शंका. आजारी माणूस धावायला जात नाही, त्यामुळे धावणारे निरोगी दिसणारच. हा पेच शास्त्रज्ञांनाही पहिल्यापासून पडलेला आहे.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर वरखाली जिने चढत-उतरत. पगार, वस्ती, खाणं जवळपास सारखं. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये बराच जास्त निघाला. टीकाकार म्हणाले, जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनी मग गणवेशाच्या विजारींची मापं काढली! ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती. पण सारख्या कंबरेचे ड्रायव्हर आणि कंडक्टर समोरासमोर ठेवले तरी कंडक्टरच वरचढ ठरले.

तरीही निरीक्षण ते निरीक्षणच. पक्का पुरावा हवा तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर असा प्रयोग झाला आणि २००२ मध्ये निकाल आला. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. आहार सुधारून आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करणाऱ्या गटात नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आपल्यासाठी जास्त जवळचा प्रयोग चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं ५३१ जणांवर तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. आहार आणि चालण्यानं मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिननं २६.४ टक्क्यांनी. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की जीवनशैली बदलणाऱ्या गटाच्या वजनात म्हणावी अशी घट नव्हतीच.

"व्यायाम करतानाच लोक कोसळतात, त्याचं काय?"

कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. जिममध्ये असतानाच त्याला त्रास सुरू झाला होता. नवरात्रात गरबा खेळताना, मॅरेथॉन धावताना कोसळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. भीती वाटणं साहजिक आहे आणि ती खोटीही नाही. दमछाक करणाऱ्या श्रमाच्या वेळी आणि त्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे १९९३ सालीच मोजलं गेलं आहे.

मात्र त्याच अभ्यासातला पुढचा आकडा बातम्यांत येत नाही. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांचा धोका त्या तासात सुमारे अडीच पट होतो. क्वचितच हलणाऱ्या माणसानं एकदम जोर केला तर तो शंभर पटींहून जास्त वाढतो. (मुळात एका तासाचा धोका फार लहान असतो, म्हणून शंभर पट होऊनही बहुतेकांना काही होत नाही.) धोका आहे तो सवय नसताना एकदम जोर करण्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं १८ ते ४५ वयोगटातल्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही आदल्या ४८ तासांतले अतिश्रम हा एक घटक होता. पण घरात कुणाचा असा मृत्यू झालेला असणं, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं आणि आदल्या दोन दिवसांतली बेसुमार दारू हेही घटक होते. कोविडच्या लशीनं मात्र धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमी दिसला. व्हॉट्सॲपवर याच्या नेमकं उलट फिरतं.

तेव्हा चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरुवात करणारे, बीपी-शुगर असलेले, घरात लवकर हृदयविकार झालेले, धूम्रपान करणारे यांनी डॉक्टरांना विचारून आणि हळूहळू वाढवत जावं. चालताना छातीत दाब येत असेल, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, चक्कर येत असेल तर थांबावं. 'गॅसेस असतील' म्हणून पुढे रेटू नये.

"माझा तर दिवसभर व्यायामच होतो"

हे वाक्य बहुधा बायकांच्या तोंडी असतं आणि त्याची टिंगल करणं अन्यायाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना घरकामही शारीरिक हालचालीत धरते. पाण्याचे हंडे वाहणारी, शेतात खुरपणी करणारी, बांधकामावर घमेली उचलणारी बाई व्यायामाच्या मापात कमी पडत नाही. तिला पोटभर प्रथिनं आणि आडवं व्हायला वेळ मिळाला तर पुष्कळ झालं.

शहरातल्या ओट्यापाशी गोष्ट वेगळी होते. दोन तास उभं राहून पाय भरून येतात, माणूस थकतो, पण श्वास वाढत नाही आणि मांडीच्या स्नायूवर जास्तीचा भार येत नाही. थकवा म्हणजे व्यायाम असं समीकरण नाही. ऑफिस आणि लोकलच्या प्रवासातून येणारा थकवाही याच जातीचा.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. याचं खापर आळसावर फोडणं फार सोपं आहे. संध्याकाळी सातनंतर एकट्या बाईनं निर्धास्त चालावं असे किती रस्ते आपल्या शहरांत आहेत? फुटपाथ असला तर त्यावर दुचाकी असते. शाळेत पीटीचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकायचा, आणि पुढे तीच मुलं चाळिशीत आली की त्यांना 'जीवनशैलीचे आजार' झाले म्हणायचं. जीवनशैली निवडायला आधी रस्ता तरी हवा!

"आता या वयात?"

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची दमसास, म्हणजे शरीर कमाल किती प्राणवायू वापरू शकतं ती क्षमता, चांगली एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वाढत्या वयानं केलेली घसरण त्या तीन आठवड्यांच्या घसरणीपेक्षा कमी निघाली. मग पन्नाशीतल्या या मंडळींना सहा महिने चालणं, पळणं, सायकल असा बेताचा व्यायाम दिला, तेव्हा तीस वर्षांत गमावलेली क्षमता जवळपास भरून आली. 'पडून राहा, आराम करा' असा सल्ला आजारी माणसाला सहज देणाऱ्या आपल्या समाजानं हा प्रयोग माहीत करून घ्यायला हवा.

आणखी टोकाचं उदाहरण १९९० चं आहे. एका वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या अशक्त लोकांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. एवढ्यानं माणूस तरुण होत नाही. पण खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येणं आणि न्हाणीघरात पाय घसरला तर तोल सावरता येणं या गोष्टी त्या वयात स्वतंत्र जगणं आणि परावलंबन यांच्यातली रेषा ठरवतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकट करणं हा संधिवातावरच्या पहिल्या उपचारांपैकी एक आहे. हौसेनं धावणाऱ्यांच्या गुडघ्या-खुब्यांत संधिवात बैठ्या लोकांपेक्षा कमी आढळतो. दुखत असताना रेटून उकिडवं बसावं असा याचा अर्थ नाही.

किती आणि कोणता

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट आता काढून टाकली आहे. जिना चढलात तर तोही मोजला जातो. रोज दहा हजार पावलं हा आकडा या शिफारशीत नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रापासून तो पसरला. वयस्क अमेरिकी स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला, आणि चार हजार चारशे पावलांनीही सव्वीस-सत्तावीसशेच्या तुलनेत बराच फरक पडलेला होता.

या शिफारशीतलं दुसरं वाक्य लोक वाचतच नाहीत. आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा व्यायामही असावा. आपल्याकडे सकाळी बागेत चालणाऱ्यांची गर्दी असते, पण चालणं झालं की गप्पा आणि चहा. ताकदीचं नाव काढलं की डोळ्यांसमोर दंड फुगवलेला पोरगा येतो. खरं तर महाराष्ट्राला हे शिकवायची गरज पडू नये. कोल्हापूरच्या तालमींत आजही जोर-बैठका चालतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्काराचा घरोघरी प्रचार केला. बैठका मांड्या-नितंबांना, जोर छाती-खांद्यांना: उपकरण शून्य. ज्यांना पूर्ण बैठक जमत नाही त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठावं-बसावं, दहा वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा. ज्यांना जमिनीवर जोर काढता येत नाही त्यांनी ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून काढावेत. सोपं वाटू लागलं की भार वाढवायचा. वर्षानुवर्षं तेवढेच बारा नमस्कार त्याच संथ चालीत घातले तर लवचिकता टिकते, ताकद वाढत नाही.

जेवणानंतरच्या शतपावलीबद्दल मात्र आजीच बरोबर होती. न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात रोज एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यानं जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. माल रस्त्यावर असतानाच मागचं दार उघडायचं, एवढीच त्यातली युक्ती. फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

इंजेक्शन चालू असेल तर

या औषधांनी ज्यांचं वजन उतरतं त्यांना त्याचा फायदा होतो, यात शंका नाही. पण उतरलेल्या वजनातलं सगळं काही चरबी नसतं. मोठ्या चाचण्यांत मोजलं तेव्हा साधारण २५ ते ४० टक्के घट चरबी सोडून बाकीच्या ऊतींची होती आणि त्यात स्नायूही येतात. युरोपीय माणसाला ते परवडेल कदाचित. मुळातच कमी स्नायू घेऊन जन्मलेल्या माणसाचं गोदाम त्यानं आणखी लहान होतं. शिवाय औषध थांबवलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, आणि हलणं नसेल तर ते मुख्यतः चरबीच्या रूपात येतं. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यानं ताकदीचा व्यायाम आणि डाळी, दूध, अंडी, मासे यांतून प्रथिनं यांची सोय पहिल्या आठवड्यापासूनच करायला हवी. भूक मेल्यामुळे आधी सुटतं ते बहुधा हेच खाणं.

आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. स्नायू साखर उचलू लागले की जुना डोस जास्त ठरू शकतो. चालायला जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोकं गरगरलं तर आधी ती खायची, मग घरी यायचं.